नानीचं मिठागर

नानीला जगातली कुठलीही भाषा समजायची. निदान तिचा तसा समज होता, आणि तिच्यासमोर सतरंजीवर बसणाऱ्या आम्हा पोरांचाही होता. टीव्हीतलं पात्र तोंड उघडायच्या आत ते काय म्हणणार हे ती आगरीत सांगून मोकळी व्हायची. पात्र खरंच बोलायला लागलं की वैतागायची, कारण तिच्या बोलण्यात व्यत्यय यायचा.

सानपाडा गावात आम्ही तिचे भाडेकरू होतो. खाली नानी, वर बाबा आणि मी. आई नुकतीच वारली होती. नानी सकाळभर बाजारात मासळी विकायची आणि दुपारी, टोपली धुऊन झाली की, आळीतल्या पोरांना गोळा करून व्हीसीआर लावायची. कॅसेट एकच होती. नाना, म्हणजे तिचा नवरा, न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. तिथे कुणा खलाशानं ती त्याला दिलेली. हातानं काढलेल्या चित्रांचा सिनेमा, नदीकाठच्या पाणमांजराच्या पिल्लाचा. भाषा कुठली ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. नाना म्हणायचा रशियन, समोरचे गुरुजी म्हणायचे जर्मन. नानी म्हणायची, "त्यात समजाचा काय? डोले हायेत ना."

या डोळ्यांनी ती जे बघायची ते चित्रकारानं बहुधा काढलेलं नव्हतं. काठावर दबा धरून बसणारा कोल्हा तिच्या मते बिल्डर होता आणि त्याला पिल्लाची जागा हवी होती. घुबड हा बामन मास्तर, सगळं ठाऊक असून उपयोग शून्य. बेडकाला तिनं परस्पर पिल्लाचा मामा करून टाकलेलं, कारण पोराला मामा पाहिजे. आणि कुणीही पडद्यावर आलं, चांगलं असो की वाईट, तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवला का यो?" कोल्ह्याचीसुद्धा तिनं चौकशी सोडली नाही. पोटात काही नसेल म्हणून तो असा वागत असेल, असं तिचं मत होतं.

सिनेमाच्या मध्यावर सगळीकडे पांढरंच पांढरं व्हायचं. नानी सांगायची, हे मिठागर. एकदा गुरुजींच्या विकासनं, तो शाळेत पहिला यायचा, सांगितलं की नानी, हा बर्फ आहे. नानीनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरफ मी रोज बगतंय. यो मीठ हाय," ती म्हणाली, आणि विषय संपला. मासळीवाल्या बाईशी बर्फावरून वाद घालायची कुणाची प्राज्ञा होती?

मिठागर आलं की पिल्लाची आई त्या पांढऱ्यावर चालायला लागायची आणि नेमका तिथेच नानीचा इंटरव्हल व्हायचा. बटण दाबून ती आम्हाला स्वयंपाकघरात पिटाळायची. तांदळाची भाकरी, बोंबील, कधी नुसतंच कालवण. माझ्या ताटात भाकरी जरा मोठी पडायची, त्यावरून विकास कुरकुरायचा. हात धुऊन येईपर्यंत सिनेमा कसा कोण जाणे पुढे गेलेला असायचा आणि पिल्लू एकटं दिसायचं. आई कुठेय, असं मी दरवेळी विचारायची. नानीचं उत्तरही दरवेळी तेच, "आवस मिठागरावर गेलीय कामाला. येल." मग शेवटच्या प्रसंगात हिरव्या काठावर एक मोठं पाणमांजर यायचं, आणि नानी माझ्या पाठीत थाप मारून म्हणायची, "बग. आली का नाय?"

मी या सिनेमावर लहानाची मोठी झाले. पुढे बाबांची बदली झाली, नानीचा व्हीसीआर भंगारात गेला.

परवा माझ्या मुलीला, ओवीला, तो सिनेमा इंटरनेटवर सापडला. लख्ख धुऊन काढलेला, खाली इंग्रजी अक्षरं. आम्ही दोघी सोफ्यावर बसून बघायला लागलो. इतक्या वर्षांनी त्या रेषा बघून मला भरून आलं. हातानं काढलेली चित्रं असल्यामुळे पाणमांजराच्या मिशा प्रत्येक चित्रात जराशा हलतात, श्वास घेतल्यासारख्या. मी ओवीला बिल्डर दाखवला, मामा दाखवला. खालच्या अक्षरांत बेडूक साधा बेडूक होता, याचा तिला राग आला.

मग पांढरं आलं आणि इंटरव्हल झाला नाही. आई बर्फावरून चालत गेली, बर्फ फुटला, आणि ती पुन्हा वर आली नाही. शेवटी काठावर येणारं मोठं पाणमांजर म्हणजे तेच पिल्लू होतं, मोठं झालेलं, स्वतःची पिल्लं घेऊन आलेलं. ओवीनं माझ्याकडे बघितलं आणि लॅपटॉप बंद केला. मी रडत होते. पाणमांजरासाठी नाही. रोज बर्फात पापलेट मांडणारी बाई त्याला मीठ का म्हणत होती, ते मला आत्ता कळलं होतं. मिठात कुणी बुडत नाही.

नानी आता मुलाकडे करंजाड्याला असते. साखरेनं डोळे गेले. ओवीला नानीच्या तोंडून सिनेमा ऐकायचा होता, आणि खरं तर मलाच तो पुन्हा एकदा ऐकायचा होता, ती आहे तोवर. रविवारी लॅपटॉप घेऊन गेलो. नानीनं साफ नकार दिला. "आता डोले नाय, त सांगू काय?" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

ओवी तिच्या पलंगावर चढून बसली. म्हणाली, मी दिसतं ते सांगते, तू गोष्ट सांग. थोडा वेळ नानी हूं हूं करत राहिली. कोल्हा आल्याचं ओवीनं सांगितलं मात्र, नानी उठून बसली. मग बिल्डरला तिनं असा काही सोलला की तिची सून स्वयंपाकघरातून बघायला आली.

आणि पुढे ते ठिकाण आलं. नानीला ते संगीतावरून कळलं. तिनं हात पुढे करून ओवीचा खांदा चाचपला. "बाय, तू जा, पानी पिऊन ये," ती म्हणाली.

ओवी हलली नाही. पडद्यावर बर्फ फुटत होता. "नानी, नुसतं मीठच मीठ दिसतंय," ती म्हणाली. "आई कामाला गेलीय. येईल."

शेवटच्या प्रसंगापर्यंत नानी ओवीचा खांदा धरून बसून होती. हिरवा काठ आला तेव्हा ओवीनं सांगितलं, आली गं आई.

"येनारच होती," नानी म्हणाली. मग तिनं माझ्या दिशेनं मान वळवली. "जेवली का ती?"

"नाही अजून," मी म्हटलं.

नानीनं सुनेला हाक मारून भाकऱ्या टाकायला सांगितल्या.