खालून येणारे दोन ठोके

रेंजरसाहेबांनी विचारलं, "पाचर कुणी काढली?"

मी म्हणालो, "यल्लाप्पानं."

शेजारी शेठ बसला होता. त्यानं मान डोलावली. लाकडाचा ठेका त्याचा, टोळी त्यानंच लावलेली. पण मजुराच्या हातून मजूर मेला तर मालकाचा काय संबंध, असं तो डेपोत सांगत फिरत होता.

मेली ती माझी बायको, शेवंती.

मी टोळीचा मुकादम. कुळगीच्या वरच्या जंगलात सागवान तोडायचं आणि ओंडके उतारावरून गाडीवाटेला सोडायचे. ओंडका आपसूक सुटू नये म्हणून त्याच्यापुढं लाकडाची पाचर ठोकतात. खाली बायका वाटेतल्या फांद्या ओढून काढतात. वरचा माणूस हाक घालतो, "सोडतो होऽ!" खालची बाई बाजूला होते आणि कोयत्याची पाठ झाडावर दोनदा आपटते. ते दोन ठोके ऐकले की मगच पाचर काढायची. मध्ये झाडोरा एवढा, की वरून खालचं माणूस दिसत नाही.

यल्लाप्पा ज्वारीच्या मुलखातला. तिशीचा, अंगानं दणकट. शेवंती त्याला पहिल्याच दिवशी म्हणाली, "पावनं, कणसं खुडायला आलाय व्हय हितं?"

तो म्हणाला, "अक्का, आधी सांग, ह्या रानात ऊन कुठं ठेवलंय?"

शेवंती दिवसभर हसत होती.

मी शेठला सांगितलं, "ह्येला महिनाभर खालीच ऱ्हाऊ द्या. ह्येला जंगल ठावं न्हाई."

"पाचर काढायला काय शाळा लागती, मुकादमा? गाड्या खोळंबल्यात."

"माणूस मरंल, शेठ."

"मग तू कशाला हायस? दाव की त्याला."

मी दाखवायला लागलो. उभं कुठं राहायचं, हाक कशी घालायची, घाव कुठं मारायचा. तेवढ्यात शेठनं मला पलीकडच्या उतारावर ओंडक्यांना शिक्के मारायला बोलावलं. मी गेलो.

यल्लाप्पानं हाक घातली आणि पाचर काढली. शेवंती अजून फांदी ओढत होती.

ओंडका तिच्या अंगावरून गेला. कमरेखाली काही उरलं नव्हतं. घोंगडीची झोळी करून आम्ही तिला दवाखान्याकडं घेऊन निघालो. यल्लाप्पा एका टोकाला होता, रडत होता. मी त्याला शिवी घातली. तेव्हा ती म्हणाली, "त्येला कशाला बोलताय? त्येला कुणी सांगितलं व्हतं का?" वाटेतल्या नदीच्या अलीकडंच ती गेली.

रेंजरसाहेबांनी पुढं विचारलं, "ठोक्यांची वाट बघायची, हे त्याला सांगितलं होतं?"

शेठनं मला आदल्या दिवशी बजावलं होतं, व्हय म्हण. व्हय म्हटलं असतं तर यल्लाप्पा तुरुंगात गेला असता.

मी म्हणालो, "न्हाई सांगितलं. शिकवायचं काम माझं. शेठनं येळ दिला न्हाई, आन् मीबी अडून बसलो न्हाई."

कागदावर मुकादमाची चूक लिहिली. यल्लाप्पा सुटला. माझं मुकादमपण गेलं. शेठचं नाव कागदात कुठंच आलं नाही.

पुढं मी दुसऱ्या टोळीत साधा मजूर झालो. नवा माणूस आला की त्याच्या हातात कोयता देऊन आठ दिवस ठोके मारायला खाली बसवायचो. लोक हसायचे.

काम द्यायचं तर ते शिकवायला मालकानं वेळ द्यावा. तो देत नसेल तर मुकादमानं नव्या माणसाला पाचरीला हात लावू देऊ नये. मी लावू दिला.