सुगंधाबाईंची आफ्रिका

सुगंधा केळुसकरबाईंनी मालवणच्या शाळेत उभी हयात भूगोल शिकवला, पण त्यांचा जीव खरा आफ्रिकेत. खडू फळ्यावर टेकला की तो न उचलता त्या सगळा किनारा काढून मोकळ्या होत आणि गर्रकन वळून विचारत, "हंय एवढो पाऊस आणि थंय वाळवंट, कित्याक ता सांगा बघू!" रंगात आल्या की त्या वर्गातही मालवणीत बोलत. स्वतः मात्र कोल्हापूरच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. मुलगा विनीत त्यांच्याच वर्गात सातवी शिकला आणि पुढे बोटीवर इंजिनाच्या कामाला लागला. तो लांबच्या बंदरांतून फोन करी तेव्हा बाई त्यालाच तिथल्या वाऱ्यांची माहिती सांगत बसत.

बाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी विनीतची बोट गिनी-बिसाऊच्या खाडीत नांगरली आणि तिथेच अडकली. मालकाने बंदराची देणी बुडवली आणि तो गडप झाला. बंदरवाल्यांनी बोट जप्त केली. खलाशांना उतरायची परवानगी नाही, कारण कागद मालकाकडे.

सून रसिका आणि बाई एसटीने एका सरकारी कचेरीत गेल्या. तिथल्या साहेबांनी आपुलकीने ऐकून घेतलं, चहा पाजला, अर्ज वर पाठवला. महिन्याने कळलं, अर्ज दुसऱ्याच गिनीकडे गेला. "साहेब, त्या खंडात तीन गिनी आहेत," बाई म्हणाल्या. "एकात फ्रेंच चालते, एकात स्पॅनिश आणि आपला मुलगा आहे तिथे पोर्तुगीज." साहेबांनी कपाळाला हात लावला, माफी मागितली, नवा अर्ज केला. तो बरोबर पोचला. त्याचंही उत्तर आलं नाही.

मग रसिकाने बंदराच्या कचेरीचा नंबर मिळवला. पलीकडचा माणूस घडाघडा पोर्तुगीज बोलत होता. बाईंनी कान टवकारले. त्या सगळ्या भडिमारात त्यांना एकच शब्द ओळखीचा वाटला, "जनेल." मालवणीत खिडकीला जनेलच म्हणतात, आपल्या घरातला शब्द! त्यांना उगाच धीर आला. रसिकाने ते बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. गोव्यातल्या एका म्हाताऱ्या शिक्षिकेने ते ऐकून अर्थ सांगितला. तो माणूस म्हणत होता, साहेब जागेवर नाहीत. आणि मध्येच शेजाऱ्याला सांगत होता, जनेल लाव, पाऊस आत येतोय.

पाऊस तिथे होताच. बोटीवरचं पिण्याचं पाणी कधीच संपलं होतं. "ताडपत्री बांधून पाणी धरतंव, आये," विनीत फोनवर हसत म्हणाला. "आपल्यासारखोच पाऊस आसा. तू काळजी करू नको."

बाई "बरां" म्हणाल्या. फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिल्या. तिथला पाऊस त्यांना तोंडपाठ होता. ऑक्टोबर सरला की तो आटोपतो, मग उत्तरेकडून सहाराचा कोरडा वारा सुटतो आणि पुढच्या जूनपर्यंत थेंब नाही. किती वर्षं त्यांनी हे मुलांकडून घोकून घेतलं होतं. आता ते रसिकालाही सांगवेना.

शेवटी नवरात्रात न राहवून त्या बोलल्या. "विनीत, होया तेवढी पिंपां भरून ठेव. थंय पाऊस आता थांबतलो."

तो म्हणाला, "माका म्हायत आसा, आये. तूच शिकयलंस. तुका भंय वाटात म्हणान बोललंय नाय."

जनरेटर बंद झाला असावा, फोन तुटला.

डिसेंबरात आभाळ धुळीने पिवळं झाल्याचं तो सांगू लागला. त्याला खोकला लागला होता. बंदरातून दोन-चार दिवसांआड पाण्याचे डबे येत. कधी येतही नसत. जानेवारीत कुठल्याशा संस्थेने खटपट केली आणि निम्म्या माणसांना घरी सोडायचं ठरलं. बोट रिकामी सोडता येत नव्हती. इंजिनाकडचा एकजण मागे राहणं भाग होतं. विनीतचं नाव सुटणाऱ्यांत होतं. पण त्याच्याबरोबर इंजिनावर काम करणाऱ्या विजयदुर्गच्या मंगेशचे वडील अंथरुणाला खिळले होते. विनीतने आपली जागा त्याला दिली.

हे बाईंना कळलं ते मंगेश दारात उभा राहिला तेव्हा. गालफडं बसलेली, शर्ट खांद्यावरून ओघळत होता. तो पाया पडायला वाकला. बाईंनी पाय मागे घेतले. त्यांना त्याचा राग आला होता, त्याच्या आजारी बापाचाही आला होता, आणि सगळ्यात जास्त आपल्या लेकाचा. मंगेश तसाच वाकलेला राहिला.

आत रसिका रडत होती. शेवटी बाई म्हणाल्या, "जेवलंस काय रे?"

त्याला त्यांनी पेज वाढली. तो खाली मान घालून जेवत असताना विचारलं, "बोटीवरसून जमीन दिसता?"

"दिसता, बाई. झाडां दिसतत, बायलमाणसां कपडे धुतत ती दिसतत. पोरां हात करतत." त्याचा घास हातातच राहिला. "पण उतराक गावना नाय."

बाईंनी त्याच्या पानात आणखी पेज ओतली. विनीत अजून तिथेच आहे.