दोनशे किलोचे साडू

आपल्या ताकदीबद्दल माझ्या पलूसच्या साडूंइतका गैरसमज बाळगणारा माणूस कृष्णाकाठी दुसरा जन्मला नसेल. वय सेहेचाळीस, पेशा गणित शिकवण्याचा. सिमेंटचं पोतं दिसलं की ते नुसतं "पन्नास" म्हणून तुच्छतेनं पुढे जात. कराडला एका साखरपुड्यात ते असे ताठ बसले होते, की मुलीकडच्यांना तेच नवरदेवाचे वडील वाटले. कोटाच्या आत वजन उचलायचा पट्टा होता. जिममध्ये नाव घातल्या दिवशी त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला: आज साठ, दर आठवड्याला दहा किलो, चौदा आठवड्यांत दोनशे. जिम चालवणारे फौजेतून आलेले सुभेदार शांतपणे म्हणाले, "सर, ह्या हिशेबानं पुढच्या वर्षी तुमी ट्रॅक्टर उचलाल. सहा म्हैनं फकस्त पाठ सरळ ठेवायला शिका." गणिताच्या मास्तरला असला सल्ला अर्थातच अपमान वाटला.

पाचव्या आठवड्यात, एकशेदहाला, गणित बरोबर होतं, कंबर चुकली.

बातमी कळताच मी भेटायला गेलो, अर्थात दोन टोमणे तयार ठेवून. साडू खाटेवर बसले होते आणि माझी मेहुणी खाली बसून त्यांच्या पायात चप्पल सरकवत होती. ती आत गेल्यावर ते हळूच म्हणाले, "पाहुणं, वाकता येत न्हाई. वीस दिवस झालं, हिला पाय धरावं लागत्यात. लय लाज वाटती." एक टोमणा मी तिथंच गिळला. दुसरा मात्र मारला. स्वभावाला औषध नसतं.

बरे झाल्यावर ते सुभेदारांकडे गेले आणि शाळेत दाखल व्हावं तसे तीस किलोपासून लागले. आठवड्याला अडीच किलो, तेही पाठ सरळ राहिली तरच. पुढं आठ महिन्यांनी मी पलूसला गेलो, तर मला जिममध्ये घेऊन गेले. बारवर नव्वद. पूर्वीपेक्षा कमीच. त्यांनी श्वास भरला, बार सावकाश मांडीपर्यंत आणला आणि आवाज न करता खाली ठेवला. सुभेदार "बरं हाय" एवढंच म्हणाले. साडूंचे डोळे भरून आले होते.

"आता पुढं?" मी विचारलं.

"मंगळवारी साडेब्याण्णव. जमलं तर."

एवढं बोलून ते वाकले आणि एकेक वजन काढून जागेवर लावू लागले. जन्मात पहिल्यांदा "जमलं तर" म्हणणाऱ्या त्या माणसाला चिडवायचं मला सुचेना. मीही एक वजन उचलून त्यांच्या हाती दिलं.