माश्यांचा कडू घास

माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत न्हाई. सोयरे भाकरी घेऊन येतात, त्याला आमच्याकडं कडू घास म्हणतात. माझी कारभारीण गेली तवा तिचा भाऊ कंधारहून भाकरी-पिठलं घेऊन आला. तिथपर्यंत ठीक. पण त्यानं आणखी एक गाठोडं आणलं होतं. त्यात त्याच्या पेट्यांतली मधाची जुनी पोळी. मला न विचारता त्यानं ती मागच्या लिंबाखाली, तिच्या मधमाश्यांच्या पेट्यांपुढं मांडली. दुष्काळ होता, रानात फूल नव्हतं. माश्यांनी अर्ध्या दिवसात पोळी चाटून कोरडी केली. भावकी म्हणाली, "बघा भावाचं काळीज! माश्यांचीबी याद ठेवली."

मीबी तवा डोळे पुसले. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

लेकरू झालं न्हाई आम्हाला. सरकारी योजनेतनं मिळालेल्या एका पेटीच्या तिनं चार केल्या होत्या. तिचं म्हणून घरात जितं राहिलं ते तेवढंच.

महिन्याभरानं पेटी उघडली तर आंबूस वास. अळ्यांवरची झाकणं खचलेली, भोकं पडलेली. गोचीड लागली असल म्हणून बघितलं. ती पांढऱ्या अळीवर तांबड्या ठिपक्यासारखी दिसते. एकबी दिसली न्हाई. काडीनं अळी ओढली तर नुसती कातड्याची पिशवी, आत पाणी.

लातूर जिल्हा नवा झालेला. तिथून मधमाश्यांचे साहेब आले. अळी बघून म्हणाले, "बाहेरचं पोळं दिलं होतं का यांना?"

मी मेव्हण्याच्या गाठोड्याचं सांगितलं.

"रोग त्या मधातून अळ्यांना लागला. याला औषध नाही. सडलेली पोळी जाळा. राणीला कोंडा, म्हणजे अंडी थांबतील. साखरपाणी द्या, पण पेटीच्या आत."

तसाच एसटीनं कंधारला गेलो. मेव्हण्याच्या परसात रिकाम्या पेट्या रचलेल्या.

"तुझ्या माश्या कवा मेल्या रे?"

"अक्काच्या आधीच, दाजी."

"कशानं?"

"काय की. अळ्या सडल्या. पण मध चांगला होता, मी खाऊन बघितला की!"

"तू काय अळी हायस?"

तो रडायला लागला. म्हणाला, "घरात चूल न्हाई, मग त्या मुक्या जीवांनी काय खावं, असं वाटलं."

वाटलं म्हणे! स्वतःच्या माश्या सडून मेल्या, तर तोंडानं सांगावं तरी.

तिच्या तीन पेट्या मी खड्ड्यात जाळल्या. माश्या आधीच संपल्या होत्या. चौथीत मूठभर राहिल्या. घरातली साखर त्यांना दिली, मी चहा बिनसाखरेचा प्यालो. पुढच्या पावसाळ्यात पेटी भरली तवा मेव्हणा आला.

"दाजी, अक्काची आठवण म्हणून मला यातलं एक मोहोळ वेगळं काढून द्या."

"देतो. आधी तुझ्या त्या रोगाच्या जुन्या पेट्या माझ्यापुढं जाळ."

"सागवानी हायत हो त्या!"

"अन् तिच्या काय बाभळीच्या होत्या?"

तो चहा न पिता उठून गेला. तवापासून सासरचे म्हणतात, बायको गेल्यापासून म्हाताऱ्याचा दगड झाला, बिचाऱ्यानं चांगल्या मनानं केलं होतं. असल मन चांगलं. पेट्या जाळायच्या वेळी कुठं गेलं होतं ते?

त्या पेट्या अजून त्याच्या परसात हायत. तिचं मोहोळ लिंबाखाली हाय. ते कंधारला जाणार न्हाई.