गुटीला मुळं फुटेपर्यंत

शिकलो दुसरीपर्यंत, पण झाडाबद्दल मला कोणी शिकवावं असं कधी वाटलं नाही. उभा जन्म जंगलतोडीच्या कामावर गेला. त्यामुळं बायकोनं घरात झाड आणलं तेव्हा मी हसलोच. दारापुढं अख्खं रान, आणि ही तेलाच्या पिप्यात रबराचं झाड वाढवते. रेस्ट हाउसवर ती स्वयंपाकाला होती, तिथल्या माळ्यानं दिलं होतं. जाड, तुळतुळीत पानं ती ओल्या फडक्यानं पुसत बसायची.

पोर लग्न होऊन सिरोंच्याकडे गेली. पुढं पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला बायको खाटेला लागली. पोटात गाठ होती. गडचिरोलीच्या दवाखान्यातून घरी आणली, कारण तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. झाड तोवर छपराच्या कवेलूंना टेकून वाकलं होतं.

मी म्हणालो, "पोरीले सांगावा धाडतो."

"नोका धाडू. धानाच्या रोवण्याचे दिवस आहेत. माय मरून राह्यली म्हणून बोलावलं तर वाटभर रडत येईल." मग झाडाकडे बघत म्हणाली, "शेंड्याले गुटी बांधा. मुळं फुटली की तिले सांगा, कलम न्याले ये. हासत येईल."

गुटी म्हणजे फांदीची बोटभर साल गोल काढायची, तिथं शेणमाती लावून वर प्लॅस्टिकची पन्नी बांधायची. मुळं फुटली की खालून कापायचं. इथंच आमचं वाजलं. जंगलात नको असलेलं झाड मारायचं तर आम्ही बुंध्याची साल अशीच चहूकडून काढत असू. झाड उभ्याउभ्या वाळायचं.

"हे मारायचं काम आहे, जगवायचं नाई," मी म्हणालो.

"माळ्यानं सांगितलं तसं करा."

"त्यानं किती झाडं पाडली?"

"एकबी नाई. म्हणून तर त्याचं ऐकून राह्यली."

केलं तिच्या मनासारखं. साल काढताच पांढरा चीक धारेनं गळला. तो पुसला, शेणमाती लिंपली, वर पन्नी गुंडाळली आणि तिच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधली. ती खाटेवरून बघत होती.

रोज सकाळी विचारायची, "दिसते काय?"

"नाई."

पानं सुकतील अशी माझी खात्री होती. ती सुकली नाहीत. सुकली बायको. पेजही जाईना तेव्हा मी पुन्हा सांगाव्याचं काढलं.

"मुळं फुटली काय?" तिनं विचारलं.

"नाई."

"मंग."

लोक म्हणतात, फुटली म्हणून सांगायचं होतं. तिच्याशी मी कधी खोटं बोललो नव्हतो. ती मरायला टेकली म्हणून सुरुवात करणार नव्हतो.

एका सकाळी पन्नीच्या आत पांढरे दोरे दिसले. पिपा खाटेपाशी ओढला, शेंडा खाली वाकवला, तिचं बोट धरून पन्नीवर फिरवलं. तिला कळलं. मी तसाच स्टँडवर गेलो आणि सिरोंच्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला, कलम तयार आहे, न्यायला ये. तिनं सांगितलं होतं तेवढाच. ती गाडी गेली आणि त्याच दिवशी पाऊस लागला. नाले पुलावरून वाहू लागले, तिकडच्या गाड्या बंद झाल्या.

पाणी उतरल्यावर पोर आली. काखेत मातीची नवी कुंडी, फडक्यात बांधलेली. हासतच अंगणात शिरली. अंगणात बसलेल्या बाया उठून उभ्या राहिल्या. आम्ही घाटावर सगळं उरकून आलो होतो.

कुंडी ओट्यावर ठेवून ती म्हणाली, "बाबा, माय आजारी आहे म्हणून काऊन नाई कळवलं?"

"तुह्या मायनं मनाई केली होती."

"मायनं केली. अन् तुमी?"

मी तिच्या मायचा शब्द पाळला होता.

दिवसकार्य झाल्यावर ती निघाली. मी म्हणालो, "कलम?"

"राहू द्या," ती म्हणाली. कुंडीही ओट्यावरच ठेवून गेली.

मी गुटी खालून कापली, जखमेला राख लावली, कलम त्या कुंडीत लावलं. ते जगलं. शेंडा गेलेल्या बुंध्यालाही बाजूनं धुमारे फुटले. हिवाळ्यात रस्ता सुकल्यावर कुंडी घेऊन स्टँडवर गेलो. कंडक्टर तोच होता.

"नेतो ना भाऊ," तो म्हणाला. "पोरीनं मागितली काय?"

मी कुंडी उचलली आणि घरी आणली.