एकोणपन्नास की पन्नास

जाफराबाद तालुक्यात बेबीनंदाबाईंना सगळे मोजणीवाल्या बाई म्हणूनच ओळखत. उभी हयात शेतांच्या हद्दी मोजण्यात गेलेली. बांधावरून भावाभावांत डोकी फुटायची वेळ आली, की बाई यायच्या, यंत्र लावायच्या आणि दगड रोवून मोकळ्या व्हायच्या. रोवलेल्या दगडावर पुन्हा विचार करत बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

रायफल हातात आली तीही मोजणीच्या निमित्तानं. जालन्यात एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामाची हद्द मोजायला त्या गेल्या होत्या. गोदामात अवधूत नावाचा तरुण एअर रायफलचे वर्ग चालवायचा. काम आटोपल्यावर त्यानं सहज म्हटलं, एकदा नेम धरून बघता का? बाईंनी धरला. समोर दहा मीटरवर कागदाचं काळं वर्तुळ, त्याच्या मध्यावर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. श्वास थांबला, घोडा दाबला गेला, आणि कागदाला भोक पडलं तेव्हा बाईंना घर, ऑफिस, गुडघेदुखी, कशाचीच आठवण नव्हती. पन्नाशी ओलांडल्यावर असं काही आपल्या वाट्याला येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्या दर रविवारी जालन्याला जाऊ लागल्या.

पुढं विभागीय स्पर्धेत त्यांच्या वयोगटात अवधूतनं त्यांचं नाव दिलं आणि घोटाळा सुरू झाला. तोवर तो हातावर ठेवील ते छर्रे त्या भरायच्या. आता त्यानं दोन डबे पुढं ठेवले. दोन्हींतले छर्रे शिशाचे, कागदाला गोल स्वच्छ भोक पडावं म्हणून चपट्या तोंडाचे. फरक एवढाच, की एका डब्यावर चार पॉइंट एकोणपन्नास लिहिलेलं, दुसऱ्यावर चार पॉइंट पन्नास. छर्र्याच्या डोक्याची ही जाडी, मिलिमीटरमध्ये.

बाईंनी दोन्हींतला एकेक तळहातावर घेतला, चष्मा वर केला, खाली केला. काही कळेना. वावराच्या बांधावर वीतभर इकडंतिकडं झालं तर लोक कोर्टात जातात हे त्यांना माहीत होतं. पण मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचं काय करायचं?

अवधूत म्हणाला, "नळीला काय मानवतं ते नळीलाच विचारावं लागतं, बाई."

त्यानं रायफल शिकंज्यात आवळली आणि दोन्ही डब्यांतले छर्रे झाडून पाहिले. एकोणपन्नासची भोकं एकमेकांत मिसळून गेली, पन्नासची जरा फाकली. बाईंना हायसं वाटलं; दगड रोवला गेला. पण रायफल खांद्याला लावली तर उलटंच. पन्नासचे छर्रे मधे, एकोणपन्नासचे डावीकडं. पुढच्या रविवारी पुन्हा फिरलं.

त्यांच्या शेजारी नेमबाजी करणारे निवृत्त जमादार पुंजाराम म्हणाले, बदल करूच नका, पहिलेच वापरा. पण पहिले कोणते होते, हे अवधूतलाही आठवेना. मग बाईंनी त्याला कोणता छर्रा आहे हे न सांगता भरून द्यायला लावलं. ज्या छर्र्याला त्या खात्रीनं पन्नास म्हणाल्या तो एकोणपन्नास निघाला. आता छर्रा चुकतोय, नळी चुकतेय की आपणच, हेही सांगता येईना. जेवतानासुद्धा त्या भातावर वरण घ्यायचं विसरू लागल्या.

"मंग दोन्ही घेऊन जा की," त्यांचे यजमान गिरिधरराव म्हणाले.

त्यांनी तसंच केलं. आणि स्पर्धेसाठी छत्रपती संभाजीनगरला एसटीतून उतरून पिशवी उघडली, तर दोन्ही डब्यांची झाकणं उडालेली. सगळे छर्रे रुमालात, पाण्याच्या बाटलीखाली, एकमेकांत कालवलेले. बाई स्पर्धेच्या हॉलबाहेर पायरीवर बसल्या आणि त्यांना रडू येईना, हसूही येईना.

वेळ उरला नव्हता. चेपलेले छर्रे बाजूला काढून बाकीचे त्यांनी एकाच डब्यात भरले आणि आत जाऊन उभ्या राहिल्या. प्रत्येक छर्रा भरताना वाटे, हा कोणता? पण विचार संपायच्या आत तो नळीत गेलेला असे. सुरुवातीलाच दोन नेम वाईट गेले. नंतर कितीतरी वेळ, नेम कुठं लागला ते दाखवणाऱ्या पडद्यावरचा ठिपका मध्याला चिकटून राहिला. शेवटी आणखी एक घसरला. पदक हुकलं, पण गोदामात कधी पडले नव्हते एवढे गुण पडले.

बाहेर आल्यावर त्यांनी अवधूतला सगळं सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला.

"ते तीन वाईट गेले," बाईंनी विचारलं, "ते छर्र्यामुळं का माझ्यामुळं?"

"आता ते कसं सांगावं, बाई."

"अन् चांगले गेले ते?"

चहा घेऊ म्हणत अवधूत उठला. दोघंही चहाच्या टपरीकडं चालू लागले. चहा येईस्तोवर बाई बोटावर लागलेलं शिसं साडीच्या पदराला पुसत होत्या. मग शिसं पोटात जायला नको म्हणून एकदम उठून त्या साबण मागायला गेल्या.