ओल्या गाठीवरचं पॉलिश

आत्याला किळस यायला फार काही लागत नाही. पाण्याच्या पेल्यात कुणाचं बोट बुडालेलं दिसलं तरी पुरे. पण तिची खरी शिसारी काकांच्या कामासाठी राखून ठेवलेली असते. काका तिचा धाकटा भाऊ. दोघेही कातारी, आजोबांच्या वर्कशॉपमध्ये एकाच लेथवर आळीपाळीने लाकूड कातणारे. गल्लीत काकांना ‘चकचक’ म्हणतात, कारण हाताला लागेल त्याला ते पॉलिश फासतात.

“आत कोण बघतंय, ताई?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

“मी बघते,” हे तिचं.

जन्मभर तिने जिन्याचे कठडे आणि पलंगांचे पाय कातले. मग एका उन्मळून पडलेल्या झाडाच्या बुंध्यावरची गाठ तिच्या हाती आली. गाठ कसली, झाडाला झालेलं आवाळूच ते. खरबरीत, फोडाफोडांचं. उचलताना तिनेही नाक मुरडलं. पण आत रेषांचे भोवरे असतात हे तिला ठाऊक होतं. त्यातून तिला एक पोकळ भांडं काढायचं होतं, पोट मोठं आणि तोंड इवलंसं. आयुष्यात एकदा तरी पलंगाचा पाय नसलेलं काहीतरी.

असं भांडं कोरताना आतलं दिसत नाही. वाकड्या टोकाचं हत्यार तोंडातून आत सारायचं आणि कानांनी काम करायचं. भिंत पातळ होते तसा आवाज बदलतो. मध्येमध्ये लेथ थांबवून आत दाटलेला ओला कीस बोटांनी बाहेर ओढायचा. त्याला उलटीसारखा आंबूस वास होता. आत्या तोंड फिरवून तो काढत राहिली. गाठ ओली म्हणून तिने भिंत जाड ठेवली आणि भांडं त्याच्याच किसात पुरून, कागदी पिशवीत घालून फडताळावर ठेवलं. सावकाश वाळलं की पुन्हा लेथवर चढवून पातळ करायचं, घासायचं, तेल द्यायचं. “याला हात लावायचा नाही,” असं काकांना बजावून ती मुलीच्या बाळंतपणाला गेली आणि तिथेच बरीच राहिली.

काकांनी नुसता हात लावण्यावर भागवलं नाही. आतबाहेर थरावर थर पॉलिश चढवलं, आणि “मी स्वतः कातलंय” म्हणत एका चष्मेवाल्या बाईंना भांडं विकूनही टाकलं.

आत्या परतली आणि त्याच आठवड्यात बाई दारात उभ्या राहिल्या. मेलेला उंदीर धरावा तसं भांडं लांब धरून.

“अहो, बैठकीत बसवत नाही. पाहुणे विचारतात, काय मेलंय इथे?”

“हे होय?” काका चटकन म्हणाले, “हे ताईने कातलेलं.”

आत्याने बाईंच्या हातून भांडं घेतलं. मग तिने भांड्यात बोट घातलं. बाहेर आलं ते काळं, बुळबुळीत. पॉलिशखाली ओल कोंडली होती आणि गाठ आतल्या आत सडली होती.

“काही नाही बाई, अजून पॉलिशचा एक हात मारतो. आत थोडं अत्तर...”

“तू बोट घाल,” आत्या म्हणाली.

“मी कशाला?”

“घाल म्हणते ना!”

काकांनी बोट घातलं, काढलं आणि ते मोरीकडे धावले. बाईंनी नाकाला रुमाल लावला.

आत्याचा अंगठा मात्र वरच्या रेषांवरून हळूहळू फिरत होता. पॉलिश कातून काढलं, आतली बुरशी खरवडली, तर वाचेल कदाचित. तिने बुडाशी जरा दाबून पाहिलं. भिजलेल्या पावात जावा तसा अंगठा आत गेला.

तिने करवत घेतली आणि भांडं उभं चिरलं. आतून काळी लव उघडी पडली. वास खोलीभर झाला.

“काय विकलं होतं ते बघून ठेवा, बाई. तुमचे पैसे हा परत देईल.”

काका तोंड पुसत आले. “पण ताई, हे दोन तुकडे वाळवून भिंतीवर लावले तर... वरून जरा चकाकी दिली की—”

आत्या त्यांच्या पायाशी थुंकली. वर्कशॉपमध्ये ती कधीच थुंकत नसे.

मग तिने साबणाने हात धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. लेथचा पट्टा काढला, गुंडाळला आणि पिशवीत टाकला. पट्ट्याशिवाय लेथ फिरत नाही.

“अगं, मग मी कठडे कातू कसे?”

“कातायचे कशाला?” ती चपला घालत म्हणाली. “पॉलिश लाव की नुसतं.”